पडलं का?

डिसेंबर उजाडला की मराठी वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास येतो. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर उभ्या असलेल्या गाडीचं टप, त्यावर पांढरा पातळ थर आणि त्या थरावर कुणाचं तरी बोट. खालचा मजकूरही ठरलेला. दवबिंदू गोठले, हिमकणांची चादर पसरली, पर्यटक सुखावले.

हा फोटो दिसला की आमच्या ह्यांना प्रश्न पडतो, की त्या सुखावलेल्या पर्यटकांत आपण का नाही? डोंबिवलीत तशी सोय नाही. फार तर पहाटे पंखा चारवरून दोनवर येतो आणि शेजारच्या काकू शाल पांघरून दूध घ्यायला उतरतात. एवढ्यावर ह्यांचं भागत नाही. त्यांच्या कपाटात सिमल्याहून आणलेला एक जाड निळा स्वेटर आहे. त्या स्वेटरच्या तोलाची थंडी त्याला आजवर मिळालेली नव्हती. ह्या वर्षी मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, घर मोकळं झालं आणि हे म्हणाले, "चल, दोघंच जाऊन येऊ. मस्त कुडकुडू." लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरलाच गेलो होतो म्हणा. पण तेव्हा मे महिना होता, आणि बरोबर सासूबाई होत्या.

तयारी जय्यत झाली. दोन माकडटोप्या, हातमोजे, लोकरीचे पायमोजे, थर्मल आणि भिंतीवर टांगायचा एक थर्मामीटर हे ह्यांचं सामान. डिंकाचे लाडू, आलेपाक, गवती चहा, सुंठीची पूड, अमृतांजन आणि रबरी गरम पाण्याची पिशवी हे माझं. मिळवायला निघालो होतो थंडी, आणि डिकीत भरलं होतं ते सगळं तिला पळवून लावायचं साहित्य. वॉचमननं डिकी लावायला मदत केली आणि आम्ही लेहला किती दिवस राहणार म्हणून विचारलं.

सुरूर फाट्याला महामार्ग सोडला, वाई मागे टाकली आणि पसरणी घाट लागला. दुसऱ्या वळणावर ह्यांनी एसी बंद करून काच खाली केली आणि हात बाहेर काढला.

"लागली!"

"काय लागलं? कुठे?"

"थंडी गं!"

दुपारचे दीड वाजले होते. पाचगणीत चहाला थांबलो तेव्हा स्वेटर अंगात गेला. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत शिरेपर्यंत ह्यांच्या कपाळावर घाम होता. थर्मामीटर चोवीस दाखवत होता. तरी स्वेटर उतरेना, कारण आजूबाजूला सगळेच स्वेटरात होते. डोक्यावर रणरणतं ऊन, आणि बाजारातून माकडटोप्या घातलेली माणसं फुटाणे खात हिंडताहेत. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव, की आणलंय तर वापरू.

इंग्रज ह्या बाबतीत सरळ होता. त्याला उकडायचं म्हणून तो इथे आला. १८२८च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा मिळवली आणि इथे पेठ वसवली. गावाला अजून माल्कम पेठ म्हणतात. साडेचार हजार फुटांवरचं हे गाव त्यानं उन्हाळ्यासाठी वसवलं. पाऊस सुरू झाला की साहेब खाली उतरायचा. डिसेंबरात पहाटे उठून मुद्दाम गारठायला इथे यावं, ही कल्पना पूर्णपणे स्वदेशी आहे.

हॉटेलात गरम पाणी सकाळी सात ते नऊ. खोलीत एक डबल रजई आणि जाळीसारखी दोन ब्लँकेटं. जादा रजई मागितली तर मुलगा म्हणाला, "हाउसफुल आहे मॅडम. सगळ्या रजया बाहेर आहेत." रात्री जेवणाच्या हॉलमध्ये मात्र पाहुण्यांना जेवणापेक्षा मॅनेजरमध्ये जास्त रस होता. ताट घेऊन जाणारा प्रत्येक जण त्याच्याजवळ थांबून हळूच विचारत होता, "उद्या पडेल का?" मॅनेजर माणूस पाहून उत्तर द्यायचा. उद्या खोली सोडणाऱ्याला तो म्हणे, "उद्याचं सांगता येत नाही, पण परवा नक्की." नुकत्याच आलेल्याला म्हणे, "हवा तर तयार होतेय." कॉट मिळाली नाही म्हणून भांडायला आलेले एक गृहस्थसुद्धा हिमकणांचा विषय निघताच नरम पडून आणखी एक दिवस राहायला तयार झाले.

पहिल्या पहाटे साडेपाचला आम्ही वेण्णा लेकवर होतो. हा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२मध्ये बांधला. दिवसा तिथे नावा, घोडे आणि मक्याची कणसं. पहाटे मात्र तिथे निम्मा महाराष्ट्र मोबाइलचे दिवे लावून एकमेकांच्या गाड्यांची टपं तपासत होता. ठाणे, पुणे, सांगली, नाशिक, सगळ्या पाट्या हजर. कुणी टपावरून बोट फिरवी, वास घेई, बायकोला दाखवी. सगळीकडे नुसतं पाणी. पांढरं कुठेच काही नाही.

चहाच्या टपरीवरचा पोरगा आमच्याकडे बघून हसत होता. "आज न्हाई पडायचं. रातच्याला वारं हुतं."

"वाऱ्यानं तर जास्त गार व्हायला पाहिजे ना?" हे म्हणाले.

पोरानं चहा ओतता ओतता जे सांगितलं ते ह्यांनी खिशातल्या डायरीत टिपून घेतलं. आभाळ निरभ्र पाहिजे, म्हणजे जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. ढग आले की ती अडते. वारं अजिबात नको, वारं आलं की वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळते. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत येऊन तळ्याच्या खोलगट भागात बसते. म्हणून वर बाजारपेठेत अकरा-बारा अंश असले तरी इथे आणि लिंगमळ्याला दव गोठतं. त्यातही आधी गाडीचं टप, कारण पत्रा हवेपेक्षा लवकर निवतो.

"शाळेत हे असं कुणी शिकवलं असतं तर," हे म्हणाले आणि त्यांनी दुसरा चहा सांगितला.

दिवसभर काय करायचं, तर पॉइंट बघायचे. महाबळेश्वरात साहेबाच्या नात्यागोत्यातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक कडा आहे, आणि प्रत्येक कड्यावर मका, माकडं आणि सेल्फी. त्यांच्याविषयी अधिक न सांगितलेलं बरं. क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर मात्र सांगायला हवं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री ह्या नद्यांचा उगम इथे मानतात आणि गोमुखातून त्यांचं पाणी कुंडात पडतं. सकाळी आठला आम्ही तिथे चपला काढल्या आणि ओल्या काळ्या फरशीवर पाय ठेवला. पायाच्या बोटांतून निघालेली कळ थेट दाढेपर्यंत गेली. हे एका पायावर उभे राहून दुसरा पाय पोटरीला घासत होते, आणि पुजाऱ्यांना वाटलं काही नवस आहे. अर्धं महाबळेश्वर पालथं घालून जी थंडी सापडली नव्हती ती देवानं फुकटात दिली, आणि आम्ही प्रदक्षिणा अर्धवट टाकून तिच्यापासून पळालो. गाडीत बसल्यावर ह्यांनी थर्मल मोज्यांवर लोकरीचे मोजे चढवले आणि मग आम्ही स्ट्रॉबेरी क्रीम खायला गेलो. बर्फगार क्रीम हातमोज्यांनी धरलेल्या चमच्यानं खायचं, आणि मध्येच थांबून तळहातावर फुंकर मारायची.

संध्याकाळपासून हे आभाळ बघत होते. ढग नाही. वारं पडलेलं. गॅलरीत थर्मामीटर टांगून दर दहा मिनिटांनी आकडा जाहीर होत होता. साडेआठला मी गॅलरीचं दार लावलं, गरम पाण्याची पिशवी भरली आणि दोघांनी मिळून त्या एकुलत्या रजईचा ताबा घेतला. रजई दोघांना पुरायची असेल तर दोघांनी एकमेकांकडे सरकावं लागतं. हे तत्त्व आम्ही मुलगा झाल्यापासून विसरलो होतो. घरी आमचं बोलणं सिलिंडरचा नंबर, सोसायटीचा मेंटेनन्स आणि 'टॉवेल पलंगावर का?' ह्यापलीकडे जात नाही. त्या रात्री ह्यांनी आपण होऊन सांगितलं, की मागच्या पावसाळ्यात ऑफिसात त्यांची बदली जवळपास ठरली होती. मला काळजी लागू नये म्हणून ते बोलले नव्हते. मग मीही सांगितलं, की ते मला तेव्हाच कळलं होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात कागद होता, आणि शर्ट मी धुते.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला काळजी नको म्हणून."

बराच वेळ दोघंही हसत होतो. मग रजई कुणी जास्त ओढली ह्यावरून भांडण झालं आणि झोप लागली.

पुढच्या पहाटे वेण्णा लेकवर पोचलो तर गाडीचं दार उघडायच्या आधीच आरडाओरडा ऐकू आला. पडलं होतं! गवताच्या पात्यापात्यावर पांढरी कड, नावांच्या फळ्यांवर खरखरीत थर, गाड्यांची टपं बारीक मीठ पेरल्यागत पांढरी. ह्यांनी थर्मामीटर हातात धरला तर सहा अंश, गवतावर ठेवला तर एक. टपरीवरचा पोरगा खरा ठरला होता आणि त्याच्या चहाला रांग लागली होती. कुणी एटीएम कार्डानं टप खरवडून चमचाभर बर्फ स्टीलच्या डब्यात भरत होता. एका आजोबांनी ते चिमूटभर जिभेवर ठेवून "निर्मळ आहे" असा निर्वाळा दिला. हे सरसावले आणि समोर दिसलेल्या टपावर बोटानं मोठ्या अक्षरांत 'डोंबिवली' असं लिहिलं.

"काका," गाडीमालक म्हणाला, "गाडी आमची हाय. हितं कोल्हापूर ल्ह्यायचंय."

वाद वाढला. शेवटी पुढचं अर्धं टप कोल्हापूरला, मागचं डोंबिवलीला, अशी वाटणी झाली आणि दोन्ही बाजूंनी फोटो निघाले. हिमकणांसह, स्वेटरसह, मग दोन्ही माकडटोप्यांसह. तिथल्या तिथे ते घरच्या ग्रुपवर गेलेसुद्धा. साडेसातला ऊन आलं आणि काही मिनिटांत दोन्ही गावं वाहून गेली.

परतताना भिलारच्या अलीकडे एका शेतावर स्ट्रॉबेरी घ्यायला थांबलो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रस्त्याकडेला शेत आणि शेतातच वजनकाटा. म्हातारे मामा गादीवाफ्यांवर वाकून काहीतरी बघत होते. ह्यांचा आनंद अजून उतू जात होता.

"मामा, आज पडलं बरं का! काय जोरदार पडलं! बघितलंत?"

"बघितलं की," मामा म्हणाले. "रात्री दोनपासनं त्येच बघतुया."

त्यांनी एक फूल तोडून ह्यांच्या हातमोज्यावर ठेवलं. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, पण मधला पिवळा भाग काळा पडलेला. "ह्येला आता फळ न्हाई धरायचं." रात्रभर त्यांनी वाफ्यांवर कापड ओढलं होतं, तुषार चालवले होते, बांधावर धूर केला होता. मातृरोप परदेशातनं आणायचं, पावसाळाभर त्याची रोपं करायची, सप्टेंबरात लावायची आणि डिसेंबरात असं एका रात्रीत फूल करपायचं. "तरी खालच्या पट्टीतच लागलंय. वरचं वाचलं."

ह्यांनी माकडटोपी काढली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "म्हणजे हिम पडणं वाईटच म्हणायचं."

"तसं कसं म्हणायचं? वेण्णा लेकवर चहाची टपरी हाय न्हवं, तो पोरगा माझाच. पडलं की त्येचा धंदा, न्हाई पडलं की माझा. आमच्या घरात रोज रात्री दोन नवस असत्यात."

"आणि मामी?" मी विचारलं.

"ती म्हंती, देवा, टपावर पड, वाफ्यावर नगं."

ह्यांनी दोन किलोंच्या जागी आठ किलो स्ट्रॉबेरी घेतली. मामा काट्यावर खोकी रचत असतानाच ह्यांचा फोन वाजला. धाकटे भाऊजी. फोन स्पीकरवर होता, मामा हातभर अंतरावर.

"दादा, पडलं का?"

ह्यांनी मामांकडे पाहिलं. "नाही रे. तसं काही विशेष नाही. थंडी बेताचीच."

"बेताची? मग त्या फोटोत गाडीच्या टपावर डोंबिवली कशानं लिहिलंयस?"

"पिठीसाखरेनं," हे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.