प्रलय : एकास साडेतीनशे

अठ्ठेचाळीस हजार टनांची पाणबुडी साडेतीनशे पटींनी लहान केली, तर तिचं वजन किती भरेल? घनफळाचा धडा नीट गिरवलेला माणूस सांगेल की लांबी साडेतीनशे पटींनी घटली की वजन साडेतीनशेच्या घनाने घटतं. भागाकार केला तर उत्तर येतं साधारण एक किलो एकशे वीस ग्रॅम. म्हणजे दोन अणुभट्ट्या, वीस क्षेपणास्त्रं आणि दीडशेच्या वर खलाशी, असा सगळा संसार सव्वा किलोच्या आत.

हा हिशेब माझा नव्हे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरी लाकडाच्या पाणबुड्या कोरतात, त्यांचा आहे. आयुष्यभर पैपैचा मेळ घातलेला माणूस. मिलिमीटरचा मेळ लागल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही.

सध्या त्यांच्या टेबलावर आहे सोव्हिएत 'टायफून'. आजवर बांधलेली सगळ्यात मोठी पाणबुडी. लेनिनग्राडच्या 'रुबिन' संस्थेत सर्गेई कोवाल्योव्ह यांनी तिचा आराखडा केला. श्वेत समुद्राकाठच्या सेव्हेरोद्विन्स्कमध्ये १९७६ साली पहिलीचं काम सुरू झालं, १९८० साली ती पाण्यात उतरली आणि पुढच्या वर्षी नौदलात आली. लांबी १७५ मीटर, रुंदी २३. अमेरिकेची 'ओहायो' लांबीला जवळपास तिच्याइतकीच, पण वजनात निम्म्याहून कमी. टायफूनचा हा विस्तार क्षेपणास्त्रांमुळे. एकेक क्षेपणास्त्र सोळा मीटर उंच आणि नव्वद टनांच्या घरातलं. त्याला उभं राहायला जागा तर हवी! म्हणून दोन भक्कम नळकांडी शेजारी शेजारी ठेवली, त्यांच्या मधल्या जागेत वीस क्षेपणास्त्रं दोन रांगांत उभी केली आणि सगळ्यांवर मिळून एकच बाह्य कवच चढवलं. महिनोन्‌महिने आर्क्टिकच्या बर्फाखाली राहणाऱ्या खलाशांची मनं रमावीत म्हणून आत बाष्पस्नानाची खोली आणि पोहण्याचा छोटासा तलावही दिला. समुद्राच्या पोटात पाणबुडी आणि पाणबुडीच्या पोटात तलाव! सरकारी खात्याला एवढी हौस सुचली, याचं मला फार कौतुक वाटतं.

प्रतिकृतीत हे सगळं अर्ध्या मीटरमध्ये बसतं. क्षेपणास्त्र साडेचार सेंटिमीटरचं, माणूस जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. दोन्ही कुशींना पाणी आत-बाहेर होण्यासाठी भोकांच्या रांगा असतात. त्यातलं प्रत्येक भोक गृहस्थ चिमटीत धरलेल्या सुईएवढ्या गिरमिटाने, श्वास रोखून पाडतात. एक जरी तिरकं गेलं तरी लांबी भरायची, ती वाळू द्यायची, पॉलिश पेपर मारायचा आणि पुन्हा पाडायचं. मनोऱ्यापुढची वीस झाकणं एका पातळीत बसली आहेत की नाहीत, हे ते डोळे मिटून बोट फिरवून तपासतात. आणि आतला तलाव? तोही केला आहे. पत्र्याचा, सेंटिमीटरभर, निळा रंगवलेला. त्यावर कवच चढवून कायमचं बंद केलं. मी म्हटलं, "अहो, आता हा दिसणार कुणाला?" ते म्हणाले, "न दिसायला काय झालं? आहे ना तो!" बँकेच्या तिजोरीवर ज्याची हयात गेली, त्याच्याशी यावर वाद घालता येत नाही.

या खेळण्यांनी मोठमोठ्यांची झोप उडवली आहे. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या रेव्हेल कंपनीने पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या अमेरिकी पाणबुडीचं जोडायचं प्लॅस्टिक मॉडेल बाजारात आणलं. कूस काढली की आतल्या खोल्या दिसत. किंमत दोन डॉलर अठ्ठ्याण्णव सेंट. अमेरिकेच्या आण्विक नौदलाचे जनक ॲडमिरल रिकोव्हर भडकले. कोट्यवधींची गुपितं रशियाला तीन डॉलरच्या आत मिळाली, अशी त्यांची तक्रार होती. हेरगिरीच्या इतिहासात इतका स्वस्त सौदा दुसरा नसावा, आणि तोही डिंकाच्या वासात पोरांनी जमिनीवर बसून केलेला.

गृहस्थांकडे येणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : "चालते का हो?" आपल्याकडे न चालणाऱ्या वस्तूला कुणी वस्तू म्हणतच नाही. कुणी विचारतं, पाण्यात तरंगते का. कुणी विचारतं, हिचं एखादं क्षेपणास्त्र उडतं का. गृहस्थ शांतपणे सांगतात, "काही करत नाही. नुसती बसते." पाहुण्यांचा चेहरा पडतो आणि ते चहाकडे वळतात.

मला मात्र वाटतं, खऱ्या टायफूनचं तरी दुसरं काय काम होतं? सहा बांधल्या. सातवीचं काम सुरू होऊन अर्ध्यात थांबलं. सगळा खटाटोप एवढ्यासाठी, की तिच्या धाकाने ती वापरायची वेळच येऊ नये. आणि आली नाही. पुढे सोव्हिएत संघ गेला, खर्च झेपेना, आणि जिच्या धास्तीने त्या बांधल्या त्या अमेरिकेच्याच मदतीने त्यातल्या काही मोडीत निघाल्या. पहिली बांधलेली, 'दिमित्री दोन्स्कोय', सगळ्यांत शेवटी, २०२३ मध्ये निवृत्त झाली. युद्धात एकीचंही झाकण उघडलं नाही. टेबलावरच्या लाकडी पाणबुडीने हेच काम सव्वा किलोच्या आत, पेन्शनीच्या पैशात आणि कुणाच्याही झोपेला धक्का न लावता पार पाडलं आहे.

तेव्हा कुणाच्या घरी अशी एखादी प्रतिकृती दिसली, तर ती चालते का असं विचारू नका. ही जात न चाललेलीच बरी. त्यापेक्षा करणाऱ्याला विचारा, आत काय काय बंद केलंय. तो खुशीने तासभर सांगेल.