प्लग अडकला पोलादपुरी

गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गावर कुणाची गाडी बंद पडली, की तिच्याभोवती बघता बघता सल्लागारांचं मंडळ स्थापन होतं. वर्गणी मागत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आमची मारुती 800 माणगावपासूनच मिसिंग मारत होती. या गाडीला सिलिंडर तीनच. त्यातला एक रुसला, की गाडी उचकी लागल्यासारखी चालते. टपावर मखर, मागे नाना, त्यांच्या मांडीवर नारळांची पिशवी आणि पुढे कशेडीचा घाट. पोलादपूर आलं तसा मेव्हणा म्हणाला, "भावोजी, बाजूला घ्या. प्लग साफ केला की पळेल."

प्लगपाना लावला. प्लग ढिम्म हलेना. मेव्हण्याने कुठूनसा एक लोखंडी पाइप पैदा केला, तो टॉमीवर चढवला आणि अंगचं सगळं वजन त्यावर टाकलं. कट्ट!

"सुटला!" तो आनंदाने ओरडला.

पान्यात प्लगचं षटकोनी डोकं आणि पांढरी चिनीमाती तेवढी आली होती. आट्यांचा भाग हेडमध्येच राहिला होता. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, प्लगचं अंग लोखंडाचं. वर्षानुवर्षं न उघडता तापत राहिले, कार्बन आणि गंज धरला, की दोघं एकमेकांना सोडत नाहीत. त्यात इंजिन गरम असताना जबरदस्ती केली, तर अ‍ॅल्युमिनियमचे आटेच सोलवटून यायची भीती.

मंडळाची बैठक सुरू झाली. "छिन्नी घालून फोडा." "वर नट वेल्डिंग करा." "टोचन करून खेडला न्या." एका गृहस्थांनी पुण्यातल्या आपल्या ओळखीच्या फिटरला फोन लावून दिला, तो झोपला होता.

नाना खाली उतरले. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ इथून जवळच, हे त्यांना आठवलं. "कोंढाण्यावर ढाल तुटली, तर हाताला शेला गुंडाळून लढले म्हणतात! आणि तुम्ही एका प्लगसाठी थांबता? दोन सिलिंडरवर चढवा घाट!"

प्लगच्या जागी भोक उघडं पडलंय, दर फेरीला त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येईल, हे नानांना सांगायची माझी प्राज्ञा नव्हती. मी शेल्याकडे वळलेली त्यांची नजर तेवढी टाळली. शेला गणपतीचा होता.

शेवटी मेकॅनिक आला. त्याने बॉनेटखाली वाकून हेडवर तळहात टेकवला, चटकन मागे घेतला आणि म्हणाला, "थंड होऊ द्या." मग चहा मागवला. एवढ्या गर्दीत काहीही न करणारा तो एकटाच होता, आणि त्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

दुसऱ्या चहाच्या सुमारास त्याने भोकाभोवतीचा कचरा हवा मारून उडवला, आट्यांवर थोडं ऑइल सोडलं आणि पुन्हा बसला. "चिनीमातीचा कपचा आत पडला असता तर?" मी विचारलं. "नाहीच निघाला, तर हेड उतरवायचं," तो शांतपणे म्हणाला. म्हणजे गणपती पोलादपुरातच बसवायचे.

मग त्याने एका जुन्या कानशीचं निमुळतं, चौकोनी शेपूट ग्रीस लावून अडकलेल्या कड्यात बसवलं. हातोडीने टकटक, अगदी हलक्या हाताने. पान्याने कानस पकडून जरा उलटी फिरवली, जरा सुलटी, पुन्हा ऑइल. कुर्र असा आवाज आला आणि सगळं मंडळ एकदम गप्प झालं. काळंकुट्ट कडं वर आलं, कानशीला घट्ट चिकटून.

आट्यांतून ग्रीस माखलेला टॅप फिरवला, म्हणजे किस आत न पडता ग्रीसला चिकटतो. "आता सेल्फ मारा, समोर कुणी उभं राहू नका." भोकातून फस्सकन कार्बनचा भुगा उडाला, वेल्डिंगवाल्या गृहस्थांचा सदरा ठिपक्यांचा झाला. नवा प्लग त्याने बोटांनी शेवटपर्यंत फिरवला आणि पान्याला अगदी शेवटी, तेही नावापुरतंच, हात घालू दिला. मेव्हण्याचा पाइप त्याने आधीच आपल्या टपरीत टाकला होता.

गाडी झकास सुरू झाली. पैसे घेताना तो बॉनेटकडे बघत म्हणाला, "दादा, बाकीचे दोन पण त्याच वयाचे दिसतात. आता थंड आहे तोवर काढू का?"

नानांनी काच वर केली. "गाडी काढ," ते म्हणाले.