सत्तावन्न रुपयांची श्रीमंती

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. दिव्यांगांना थोडी सूट आहे. बाकीच्यांनी दिवसाला साडेसत्तावन्न रुपयांत घर चालवायचं. कुठल्या बाईने कोथिंबिरीच्या दोन जुड्या जास्त विकल्या, की तिची गणना धनिकांत!

गरिबी सिद्ध झाली, तरी दरवर्षी जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. चाळीस वर्षं निंदणी-खुरपणी केलेल्या आजींचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. "आजी, बोट पुसा," सेतूवाला म्हणतो. आजी पदराला पुसतात. पुन्हा लाल दिवा. मग दुसरं बोट, तिसरं बोट. "उद्या या, सर्व्हर डाऊन आहे." येण्याजाण्याचं एसटीभाडं अर्थातच योजनेत बसत नाही.

'लाडकी बहीण' योजनेतल्या बहिणींची तऱ्हा याहून न्यारी. २०२४च्या विधानसभा निवडणुकीआधी अर्ज धडाधड मंजूर झाले. मतं पडली, मग छाननीची आठवण झाली. २०२५मध्ये ई-केवायसी आली आणि तिने नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला, ओटीपीसकट. दोघेही वारलेले असतील तर ओटीपी कोणत्या लोकी जाणार, हा प्रश्न साहेबांना आधी सुचला नाही. बोंबाबोंब झाल्यावर विधवांसाठी वेगळी वाट काढली, म्हणजे आणखी एक दाखला.

छाननीचा एवढाच सोस असेल, तर एक आकडाही तपासावा. गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा २००७ साली महिना २०० रुपये होता. साठ ते एकोणऐंशी वयाच्यांसाठी तो आजही २००च आहे.