दोर तुमचा, शिक्का आमचा

मृग लागला की रायगड जिल्ह्यात दोन गोष्टी न चुकता बरसतात. एक पाऊस, दुसरा मनाई आदेश. धबधब्याखाली जाऊ नका, धरणाच्या भिंतीवर बसू नका, कड्यावर उभं राहून सेल्फी काढू नका. पूर्वी हा आदेश कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. कलम बदललं, मजकूर तोच राहिला. आणि वाचणारेही तेच. देवकुंड धबधब्याकडे रिळं काढायला निघालेला हौशी गडी आदेश वाचत नाही. दोर, हार्नेस, हेल्मेट बाळगून शिस्तीत डोंगर चढणाऱ्या संस्था तो वाचतात आणि मुकाट्याने घरी बसतात.

मग कुणीतरी पडतं. आणि फोन वाजतो तो या घरी बसलेल्यांचाच.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. गाडीरस्ता नाही, पोकलेन पोहोचत नाही, चिखलातून चढायचं आणि फावड्याने उकरायचं. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची पोरं तिथे सुरुवातीलाच पोहोचली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. २८ जुलै २०१८ ला पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली, तेव्हाही दोर लावून खाली उतरले ते महाबळेश्वर ट्रेकर्स, सह्याद्री ट्रेकर्स यांच्यासारखे गट. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी एक तरुणी दरीत पडली, तेव्हाही तीच पळापळ. दरीच्या तोंडाशी नोंदणी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत कुणी मागत नाही. ती नंतर मागतात.

गंमत अशी की आपल्याकडे डोंगर वनखात्याचा, किल्ला सांस्कृतिक खात्याचा, समुद्र बंदर खात्याचा आणि त्या सगळ्यावर चढणारा-उतरणारा माणूस पर्यटन खात्याचा. तो पडला की मात्र महसूल खात्याचा. माणूस चढताना चार खात्यांना नकोसा असतो. पडल्यावर तरी त्याला एक हक्काचं खातं मिळतं, हे काय थोडं झालं!

आता किनाऱ्यावर येऊ. तिथे डोंगर नाहीत, पण कार्यालयं तेवढीच.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला तिथे पायी किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडी लागते. म्हणजे पाणी ओसरलं की वाळूवर एका कार्यालयाचं राज्य, पाणी चढलं की होडीच्या परवान्यासाठी मेरीटाइम बोर्डाचं, आणि तटाच्या आत पाऊल टाकलं की दिल्लीच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. दिवसातून चारदा सत्तांतर होणारा हा महाराष्ट्रातला एकमेव मुलूख असावा. निदान इथलं वेळापत्रक पंचांगात तरी सापडतं.

खांदेरीची कथा याहून सरस. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडासमोरच्या या बेटावर किल्ला बांधायला घेतला. ऐन पावसाळ्यात काम सुरू झालं, इंग्रजांनी आरमार आडवं घातलं, तरी तट उभा राहिला. इंग्रज आणि सिद्दी, एवढे दोनच अडथळे होते. आज त्या बेटावर १८६७ चा दीपस्तंभ आहे, बेट मुंबई बंदराच्या ताब्यात, किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याचा संरक्षित, तिथवरच्या जलवाहतुकीवर मेरीटाइम बोर्डाची नजर, आणि पिढ्यानपिढ्या बेटावरच्या वेताळाला जाणारे थळचे कोळी बांधव या सगळ्यांच्या आधीपासूनचे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत बसवलं. त्यात रायगड आहे आणि खांदेरीही. म्हणजे आता आणखी एक पाहुणा वाढला. अशा बेटावर एखाद्या दुर्गप्रेमी गटाला टाक्यातला गाळ काढावासा वाटला, तर संवाद साधारण कसा होईल?

‘साहेब, गाळ काढायचाय. माणसं आमची, घमेली आमची.’

‘उत्तम विचार आहे. होडी कुठे लावणार?’

‘धक्क्याला.’

‘धक्का आमच्याकडे नाही. गाळ काढून टाकणार कुठे?’

‘बाजूला.’

‘बाजू आमच्याकडे नाही.’

‘मग तुमच्याकडे काय आहे?’

‘आमच्याकडे टाकं आहे. पण ते गाळाने भरलंय.’

संवाद काल्पनिक आहे. पण कुठल्याही दुर्गसंवर्धक गटाच्या सचिवाला वाचून दाखवा, तो हसणार नाही.

सरकारला भागीदारीचं वावडं आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. योजना पुष्कळ आहेत. राज्याने २००७ मध्ये ‘महाराष्ट्र वैभव’ संगोपन योजना काढली, नळदुर्गासारखा किल्ला त्याखाली एका खासगी कंपनीकडे गेला. केंद्राने २७ सप्टेंबर २०१७ ला ‘अपनी धरोहर, अपनी पहचान’ काढली. २०१८ च्या एप्रिलमध्ये लाल किल्ला एका सिमेंट उद्योगाने ५ वर्षांसाठी दत्तक घेतला. त्याआधी जानेवारीत लडाखचं स्टोक कांगरी आणि गोमुखाची वाट साहसी सहली नेणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेला मिळाली. मग २०२० मध्ये स्टोक कांगरी चढाईसाठी बंद करावं लागलं. गर्दीने आणि घाणीने गावाच्या पाण्याचाच प्रश्न झाला होता. दत्तक पुत्राची प्रगती बघा!

या योजनांचा साचा एकच. समोर ताळेबंद असलेली कंपनी हवी. ज्यांच्याकडे ताळेबंदाऐवजी फावडी आहेत, त्यांच्यासाठी त्यात रकानाच नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले २५ किल्ले हॉटेलं आणि समारंभांसाठी दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायची टूम निघाली होती. गदारोळ झाल्यावर खुलासा आला की शिवरायांच्या इतिहासाशी निगडित किल्ल्यांना हात लावणार नाही, फक्त असंरक्षित, दुसऱ्या वर्गातले किल्ले विचारात आहेत. म्हणजे ज्यांच्याकडे सरकारने कधी ढुंकून पाहिलं नाही, ते. राज्यात केंद्र संरक्षित किल्ले ४७ आणि राज्य संरक्षित ६२. बाकीच्यांचं संरक्षण शनिवार-रविवारी होतं. रोह्याजवळच्या सुरगडावर दुर्गवीर प्रतिष्ठानची पोरं स्वखर्चाने जाऊन झाडोरा काढतात, पायऱ्या मोकळ्या करतात. भावकीतल्या लग्नात पंगत वाढायला हक्काने बोलवायचं आणि मानपानाच्या यादीत नाव विसरायचं, तशी या संस्थांची गत.

साहसी पर्यटनाचे नियम करायलाही सरकारने कमी घाम गाळला नाही. २०१४ मध्ये शासन निर्णय, त्यावर गिर्यारोहक न्यायालयात, २०१८ मध्ये सुधारित निर्णय, ऑगस्ट २०२१ मध्ये नवं धोरण. आता पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं दाखवायची, विमा दाखवायचा. हे सगळं रास्तच आहे. प्रश्न एवढाच की नोंदणी केल्यावर मिळतं काय? प्रमाणपत्र. ते घेऊन वनखात्याच्या नाक्यावर गेलात, तर तिथला वनरक्षक अगदी प्रामाणिकपणे विचारतो, ‘हे कुठलं?’

आता थोडं संस्थांनाही. नाहीतर त्या हा लेख लॅमिनेट करून कार्यालयात लावतील.

दुर्गसंवर्धन म्हणजे फलक धरून काढलेला गटफोटो, अशी एक शाखा जोमात आहे. स्वच्छता मोहिमेला २० माणसं, टी-शर्ट ६०, उचललेल्या बाटल्या ११ आणि मोहिमेत प्यायलेल्या बाटल्या ४०, हा हिशेब कुठल्याही गडावर जमेल. आठवडी सहलवाले तर कलावंतीण सुळक्याच्या अरुंद पायऱ्यांवर एका दिवसात एवढी माणसं चढवतात की सुळक्यानेच मनाई आदेश काढावा. किनाऱ्यावरचे हौशी त्याहून थोर. २०२४ संपता संपता रेवदंड्याच्या वाळूत एक फेरारी रुतली आणि तिला बैलगाडीने ओढून काढलं. देशभर हसं झालं. किनाऱ्यावर गाडी घालायची परवानगी कुणाची होती, ते विचारू नका. बचावकार्याआधी बैलांनी कुठल्या धोरणाखाली नोंदणी केली होती, तेही विचारू नका. काम झालं, हे महत्त्वाचं.

आणि हसण्यावारी न नेण्यासारखं एक. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. अशा किनाऱ्यावर आदेशाच्या पाटीपेक्षा पाण्याची ओढ ओळखणारा माणूस उभा हवा. तो गावातच असतो. त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे देण्याची जबाबदारी कुणाची, एवढं एक ठरवलं तरी पाट्या रंगवायचा खर्च वाचेल.

मग हे जमतच नाही का? जमतं. बागमांडल्याहून जंगलजेटीच्या फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे वेळास. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे कासवांची अंडी राखायला घेतली, वनखातं सोबत आलं, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. कायद्याचा धाक वनखात्याचा, रात्रीची गस्त गावातल्या पोरांची आणि पर्यटकाचं जेवण गावातल्या माउलीच्या हातचं. अंड्यापेक्षा पिल्लू समुद्रात गेलेलं बघायला माणसं पैसे मोजून येतात, हे गावाला कळलं आणि चोरीचा प्रश्न निम्मा सुटला. तो शहाणपणा खाडी ओलांडून अलीकडे हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगरलाही आला. म्हसळा तालुक्यात चिरगावला महाडची सिस्केप संस्था, वनखातं आणि गावकरी मिळून पांढऱ्या पाठीची गिधाडं सांभाळतात. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या नेतात त्या होडीवाल्यांच्या सहकारी संस्था. किल्ला दिल्लीचा असला तरी वारा कधी पडतो, हे दिल्लीला विचारावं लागत नाही.

या ठिकाणी मोठे समारंभ झाले म्हणून हे चाललं नाही. कुणी काय करायचं आणि पैसा कुठे थांबायचा, एवढं ठरलं म्हणून चाललं. बाकी ठिकाणी नेमकं उलटं आहे. जबाबदारी संस्थेकडे, अधिकार कार्यालयात आणि तिकिटाचे पैसे थेट तिजोरीत.

अमेरिकेत अपालाचियन ट्रेल नावाची सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट आहे, १४ राज्यांतून जाणारी. १९८४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने तिची देखभाल करारान्वये एका स्वयंसेवी संस्थेकडे सोपवली, आणि ती संस्था सुमारे ३० स्थानिक क्लबांकडून वाट राखून घेते. प्रत्येक क्लबाचा पट्टा ठरलेला. जमीन सरकारचीच राहिली. सरकार बुडालं नाही. आपल्याकडे सागरगडाची पायवाट अलिबागच्या एखाद्या गटाला अशी नेमून दिली, तर कुणाचं राज्य जाणार आहे?

तेव्हा जिल्हाधिकारी साहेब, एक फुकटचा मसुदा घ्या. एक: या पायवाटेची, या टाक्याची, या किनाऱ्याच्या पट्ट्याची देखभाल अमुक संस्थेकडे, ५ वर्षांसाठी, नाव पाटीवर. दोन: पाच खात्यांऐवजी एका टेबलावर अर्ज, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर होकार समजायचा. तीन: जमलेल्या प्रवेशशुल्कातला ठरलेला हिस्सा तिथेच खर्च. चार: मदतीला बोलावलेल्या प्रत्येक गिर्यारोहकाचा विमा सरकारच्या खर्चाने, दोर झिजला तर नवा दोर. पाच: संस्थेने काम केलं नाही तर करार रद्द, फोटो कितीही चांगले आले असले तरी.

एवढं एका पानात मावतं. दुसरं पान लागलं, तर समजा की त्यात समिती घुसली.