पाव तासाचे अभ्यंगस्नान

अभिव्यक्तिवाद, म्हणजे डोळ्यांना दिसलेले जसेच्या तसे न उतरवता मनावर उमटलेला ठसा रेषा वाकवून आणि रंग भडक करून मांडण्याची चित्रपद्धती, ड्रेस्डेन येथे 1905 साली स्थापन झालेल्या ‘ब्रुके’ या चित्रकार-गटाने जर्मनीत जोमाने चालवली, आणि या गटाचा म्होरक्या एर्न्स्ट लुडविग किर्शनर याची स्नानचित्रांची हौस तळ्याकाठी भागेना, तेव्हा त्याने स्टुडिओतच पसरट टब मांडला. मॉडेलने दर पाव तासाला मुद्रा बदलावी, असा गटाचा दंडक असल्याने त्याची रेषा घाईत धावते आणि पाठ, कोपर, गुडघा यांचे कोन करून मोकळी होते.

ही रेषा आत्म्याच्या तळमळीतून उमटते असे समीक्षक सांगतात. घड्याळाला मात्र ते फारसे श्रेय देत नाहीत. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावर प्रांतात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांपैकी एखादे कुंभकोणमजवळच्या पापनाशम् गावात नांदते आहे असे धरले, तर नरकचतुर्दशीच्या पहाटे त्या घरच्या न्हाणीत ही शैली फुकट शिकता येईल; कारण कढत पाण्यात विसण पडते न पडते तोच खांद्यावर पंचा टाकलेली मंडळी ‘झालं का?’ म्हणत कडी वाजवू लागतात, आणि डोक्यावरचे तिळाचे तेल शिकेकाईने निघाले की नाही हे पाहण्याचीही उसंत नसलेला देह जसा वाकतो, तसा ड्रेस्डेनच्या एकाही मॉडेलला वाकता आला नसता. बाहेर आल्यावरही सुटका नसते, कारण तमिळ प्रथेप्रमाणे त्या दिवशी भेटेल तो ‘गंगास्नानम् आच्चा?’, म्हणजे गंगास्नान उरकले का, असे विचारतो, आणि पापनाशम् नावाच्या गावात ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही.

किर्शनरला मात्र आपले देणे मान्य होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून 1896-97 साली जो ग्रंथ काढला, तो त्याने ड्रेस्डेनमध्ये पाहिला, त्यावरून रेखाटने केली, आणि त्याच्या न्हाणाऱ्या स्त्रियांना त्यानंतर भरदार गोलाई आली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मंडपात बसलेल्या राजपुरुषावर सेवक घागरी रित्या करतात असे एक दृश्य आहे, आणि तिथे कोणालाही घाई नाही. घरगुती स्नानाचे चित्र कसे असावे हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जर्मनीचे तिकीट काढण्यापूर्वी ते पाहून यावे; सोमवारी लेणी बंद असतात.