शेजाऱ्याच्या दुःखाविषयी समबुद्धी

शुभ आणि अशुभ यांचा निवाडा न करता जे प्राप्त होईल ते प्रसन्न चित्ताने स्वीकारावे, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाचा आदर्श आमच्या मध्यमवर्गीय गृहस्थाच्या अंगी इतका मुरला आहे की, शेजाऱ्याच्या घरावर जप्ती आली असता तो जी अविचल शांती धारण करतो, ती पाहून प्रत्यक्ष अर्जुनानेही पुढील शंका विचारण्याचे सोडून दिले असते. स्वतःच्या घरपट्टीत मात्र किरकोळ वाढ झाली, की ही समबुद्धी तात्पुरती तहकूब होते आणि नगरपालिकेच्या कचेरीत तक्रारअर्ज, त्याची नक्कल आणि वशिल्याची चिठ्ठी अशा क्रमाने कर्मयोगाला आरंभ होतो.

मौज अशी की, या ग्रंथाची मराठीतील दोन थोर विवरणे तुरुंगात जन्मली. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या बंदिवासात लिहिले. विनोबांची प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. परकीय सरकार बरे की वाईट, या क्षुद्र प्रश्नाविषयी हे दोघे आमच्या गृहस्थाइतकेच उदासीन राहिले असते, तर त्यांना ही सक्तीची सवड खचितच लाभली नसती. पण हा तपशील त्याच्या निदर्शनास आणून देण्याचा उद्धटपणा कोण करणार? ‘गीतारहस्य’ त्याच्या कपाटात आहे. ते उसने नेणाऱ्याचे नाव तो तारखेनिशी वहीत टिपून ठेवतो.