खोललेली जीप

जुनी जीप विकणारा माणूस फार बोलत नाही. "इंजिन डोळं झाकून घ्या," एवढंच म्हणतो, आणि बाकीची गाडीही डोळे झाकूनच बघावी लागेल अशी तिची अवस्था असते. साताऱ्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी अशीच एक महिंद्रा एमएम ५४० घेतली. ऐंशीच्या दशकातली. आधी बागायतदाराची, मग माणसं कोंबून नेणाऱ्या वडापची, शेवटी उसाच्या बांधावर उभी. आयुष्यभर तारण उलटसुलट तपासल्याशिवाय कुणाला कर्ज न देणाऱ्या या गृहस्थांनी जीपमध्ये बसून हॉर्न वाजवला, तो वाजला, आणि पैसे मोजले. संपूर्ण वायरिंगमध्ये हॉर्नची तेवढी वायर नवी होती, हे घरी आल्यावर उमगलं.

"गॅरेजला टाका की," बायको म्हणाली.

"गॅरेज कशाला? या गाडीत न कळण्यासारखं आहे काय?"

यात तथ्य होतं. जीप जन्मालाच आली ती कुणालाही कळावी म्हणून. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या आणि नमुना हजर करायला ४९ दिवसांची मुदत दिली. बॅन्टम नावाच्या डबघाईला आलेल्या कंपनीने तो वेळेत नेऊन उभा केला, आणि मोठं काम मिळालं विलीज आणि फोर्डला. टेंडर एकाचं आणि काम दुसऱ्याला, ही पद्धत आपणच शोधून काढली असा आपला उगाच समज आहे. गाडी मात्र अशी झाली, की विशीतल्या शिपायाने चिखलात बसून चार पान्यांत दुरुस्त करावी.

पुढची कथा मुंबईची. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली आणि १९४७ पासून तिथे विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. हा इतिहास गृहस्थांनी चहाच्या वेळी रंगवून सांगितला. बायकोने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे जीप सोडली त्यांचं भलं झालं."

काम सुरू झालं ते रेडिएटरच्या गळतीपासून. नव्या मोटारीचं बॉनेट उघडलं तर आत प्लास्टिकचं आणखी एक झाकण दिसतं आणि भला माणूस बॉनेट परत लावतो. जीपमध्ये मात्र सगळं समोर असतं. प्रत्येक नट दिसतो, त्याच्यापर्यंत हात जातो, आणि हात गेला की राहवत नाही. रेडिएटर काढायचा म्हणून पुढची जाळी काढली. जाळी काढताना मडगार्डचा गंज दिसला. मडगार्ड उतरवलं तर खालची चॅसी काळी-तांबूस दिसली. मग 'आता खोललंच आहे तर' हे वाक्य आलं. या वाक्याने महाराष्ट्रात जितकी घरं, मोटारी आणि बँक खाती खोलली गेली असतील, तितकी कुठल्याही वित्तसंस्थेने खोलली नसतील. दिवाळीपर्यंत जीप अंगणात तीन ठिकाणी होती आणि थोडी माळ्यावर.

मग पान्यांचं प्रकरण उपटलं. या जीपचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन मूळचं फ्रान्सच्या प्यूजोचं. त्याचे नट मिलीमीटरचे. चॅसी आणि अ‍ॅक्सल विलीजच्या घराण्यातले, त्यांचे नट इंची. एकाच बॉनेटखाली दोन देश नांदतात आणि दोघांची मापं जुळत नाहीत. अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुती नट होतो १२.७ मिलीमीटर. त्याला तेराचा पाना छान बसतो. बसल्यासारखा वाटतो, हे जास्त खरं. जोर लावला की ०.३ मिलीमीटरची फट आपलं काम करते: पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात, आणि माणसाच्या बोटांची सालटं शॉकलच्या पत्र्याला लागतात. याउलट पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलीमीटर, तिथे एकोणीसचा पाना बिनबोभाट चालतो. म्हणजे चुकीचा पाना कधी चालतो आणि कधी नाही, हेही पाठ करावं लागतं. गोल झालेल्या नटावर पुढे छिन्नी, मग डिझेलमध्ये रात्रभर मुरवण, आणि शेवटी गॅस कटरवाला.

सुटे भाग मिळतात, हा या गाडीचा दुसरा गोड घात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी गेलं तर काहीतरी हाताला लागतंच. जे हवं असतं तेच लागेल असं नाही. गृहस्थ व्हील सिलिंडर आणायला गेले आणि पितळेचा हॉर्न घेऊन आले. खरे हौशी तर थेट हरियाणातल्या मंडी डबवालीचं नाव घेतात. तिथे जीपा नव्याने घडवून देणाऱ्यांची दुकानं आहेत. तिकडचा विषय निघाला की बायको टीव्हीचा आवाज वाढवत असे.

ब्रेकची हवा काढायला मात्र दोन माणसं लागतात. एकाने पॅडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागे झोपून निपल ढिलं करायचं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. गृहस्थ गाडीखाली, बायको स्टिअरिंगमागे.

"दाब. दाब. दाब. आता धर!"

"अहो, धरलंय."

"सोडू नकोस! सोडू नकोस म्हणतो ना!"

शेजारचे निवृत्त पीडब्ल्यूडी ड्रायव्हर हा आरडाओरडा ऐकून कुंपणावरून उडी मारून आले. कुणी अडकलेलं नाही हे पाहून त्यांची जरा निराशाच झाली. नळीतून बुडबुडे येत होते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या होत्या, आणि चौथ्या चाकापर्यंत पोहोचेस्तोवर पॅडल एकदाचं घट्ट लागलं. डबीतलं उरलेलं ब्रेक ऑइल ताज्या रंगवलेल्या मडगार्डवर सांडलं होतं. ते रंग खातं. संध्याकाळपर्यंत तळहाताएवढ्या जागी रंगाला फोड आले.

रंगाचीही एक हकिकत आहे. जीप म्हटली की लष्करी हिरवाच, असं गृहस्थांचं ठाम मत होतं. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो, की तो ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी. आरसीवर 'पांढरा' लिहिलेलं होतं. जीप पांढरीच राहिली.

एव्हाना अंगणाला वर्दळ लागली होती. साताऱ्यात पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक माणूस कधी ना कधी वडापला लोंबकळलेला आहे, त्यामुळे प्रत्येकाला जीपचं शास्त्र ठाऊक असतं. दूधवाला पाटे बघायचा. पोस्टमन स्टिअरिंगचा प्ले हलवून "किंगपिन गेल्यात" म्हणायचा. पहिल्यांदा स्टार्टर फिरला आणि इंजिन काही बोलेना, तेव्हा शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी कुणाला न विचारता फिल्टरवरचा पंप मारायला घेतला. "साहेब, हवा धरलीया. हीटर तापू द्या." हवा गेली, हीटर तापला, आणि प्यूजोने सगळ्या आळीला धूर देत तोंड उघडलं.

उरली आरटीओची फेरी. १५ वर्षांवरच्या खासगी मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्याची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५००० रुपये झाली होती, पर्यावरण कर वेगळा. गृहस्थ फाइल लावून तयार होते. बँकेतला माणूस, झेरॉक्सचेही झेरॉक्स. निरीक्षक खाली वाकले आणि म्हणाले, "चॅसी नंबर कुठंय?"

चॅसी नंबर रेड ऑक्साइडचा एक आणि काळ्या रंगाचे तीन हात यांच्या खाली होता. गृहस्थांनी मोठ्या प्रेमाने मारलेले. मग पॉलिश पेपर आला, घासाघास झाली, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतली गेली. निरीक्षक उठले, हात झटकले, बॉनेटचे दोन्ही खटके उघडले आणि कान लावून उभे राहिले.

"आमच्या वडिलांची होती हीच. तीस वर्षं वडाप." थोडा वेळ ऐकलं. "टॅपेट वाजतायत हो काका. दहा मिनिटांचं काम. पाना आहे?"

"कुठला देऊ," गृहस्थ सीटखाली वाकत म्हणाले, "इंची की मिलीमीटर?"